गाव तिकडे, तिकीट इकडे

पहाटेचे चार वाजून गेले होते. डिलाईल रोडवर दुधाचे क्रेट फुटपाथवर उतरत होते. बीडीडी चाळीच्या बाजूने नाना आणि काकू चालत येताना दिसले. नानांच्या खांद्यावर बॅग होती आणि हातात जुन्या चादरीत बांधलेला मिक्सर. काकूंच्या कमरेला रुमालाच्या गाठीत गावच्या घराची किल्ली होती. दोघांनी सत्तरी ओलांडलेली. नाना गिरणीत साचेवाले होते. गाव संगमेश्वर तालुक्यात, स्टेशन आरवली रोड.

"दादरवरनं सुटायची तेव्हा घरातनं जेवून निघायचो," करी रोडचा जिना उतरताना नाना म्हणाले. "गाडी फलाटाला लागली की खिडकी धरून बसायचं. आता अंधारात उठून दिवा गाठायचं. त्या गर्दीत हिला डब्यात चढवायचं म्हणजे माझीच परीक्षा."

दादर–रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्यापर्यंतच येऊ लागली. ती दुपारची गाडी आजही दिव्याहून पकडता येते. पण रात्री आरवलीला उतरल्यावर गावात जायला काही मिळत नाही, म्हणून ही दोघं सकाळची दिवा–सावंतवाडी धरतात. त्यांच्याबरोबर जायचं मी ठरवलं, त्यामागे एक प्रश्न होता. विरळ वस्तीच्या भागात प्रवासी गाडी चालवणं परवडतं का, असं रेल्वेच्या चर्चेत वारंवार विचारलं जातं. माझं लहानपण डिलाईल रोडवर गेलं. त्यामुळे मला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो: विरळ वस्ती म्हणजे नक्की कुठली, आणि तिथली माणसं मोजायची कुठे?

खोलीतल्या ट्रंका

डिलाईल रोडच्या पश्चिमेला लोअर परळ स्टेशन, पूर्वेला करी रोड. एकीकडे पश्चिम रेल्वे, दुसरीकडे मध्य रेल्वे. लोअर परळच्या कारखान्यात रेल्वेचे डबे दुरुस्तीला येतात. रस्त्याचं आजचं नाव ना. म. जोशी मार्ग. १९२० साली आयटक ही कामगार संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या उभारणीत पुढे असलेले कामगारनेते नारायण मल्हार जोशी यांचं हे नाव. पण बोलताना इथला माणूस डिलाईल रोडच म्हणतो. याच रस्त्यावर बीडीडीच्या ३२ चाळी उभ्या राहिल्या आणि आसपासच्या गिरण्यांनी कोकण, सातारा, कोल्हापूरची माणसं ओढून आणली.

ही माणसं आली ती एकटी. बायको, मुलं, म्हातारे गावाला. मुंबईत गावकऱ्यांची एक खोली असायची. मंडळाच्या नावावर घेतलेली, दहा बाय बाराची, आणि तीत वीस-पंचवीस जण. भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीवर तेलरंगात नाव. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन झोपायचा ती वळकटी दिवसपाळीवाल्याने नुकतीच गुंडाळलेली असायची. जेवण खानावळीत, पगार झाला की मनीऑर्डर गावी. रत्नागिरी जिल्ह्याला मनीऑर्डरचा जिल्हा म्हणत ते उगाच नव्हे.

एक कुटुंब दोन ठिकाणी राहायचं, अशी ही रीत होती. जनगणनेला ती दिसत नाही, कारण जनगणना प्रत्येक माणूस एकाच ठिकाणी मोजते. २०११ च्या मोजणीत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. २००१ पेक्षा ऐंशी हजारांहून अधिकने कमी. सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. सिंधुदुर्गात एका चौरस किलोमीटरमागे जेमतेम १६३ माणसं. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेवर बायका. इतके पुरुष गेले कुठे, याचं उत्तर शोधायला डिलाईल रोडवर यावं लागतं.

गंमत अशी की त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हाही आटला. ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या, श्रीनिवास मिलच्या जागेवर गगनचुंबी इमारत आली, फिनिक्सचा मॉल झाला. खोल्या विकल्या गेल्या. चाकरमानी दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार, पनवेलच्या दिशेने सरकला. गाव आटलं आणि गावाची मुंबईही आटली. तरीही गणपतीत गाडीला पाय ठेवायला जागा नसते. कागदावर दोन्हीकडे माणसं कमी झाली, मग ही गर्दी येते कुठून? ज्यांचं एक घर इथे आणि एक घर तिथे आहे, त्यांची ही गर्दी आहे.

बोटीनंतर

रेल्वेच्या आधी कोकणात जायला बोट होती. भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. बंदरात बोट बाहेर थांबायची आणि पडावातून किनारा गाठायचा. पावसाळ्यात बोट बंद. उरलेल्यांना घाट आणि एसटी. आजारी आईची तार आली की पोचेपर्यंत तेराव्याचीच तयारी, असं कित्येकांच्या वाट्याला आलं.

रेल्वेची मागणी जुनी. अ. ब. वालावलकरांनी ती आयुष्यभर लावून धरली. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी ती संसदेत मांडली आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून मधु दंडवत्यांनी. कोकणात एवढी वस्ती कुठे, मालवाहतूक कुठली, उद्योग कुठले, असं उत्तर वर्षानुवर्षं मिळत राहिलं. मार्ग रोह्यापर्यंत आला तोच १९८६ ला. पुढे १९८९ ला जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री झाले, आणि १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. अध्यक्ष ई. श्रीधरन. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोख्यांतून, म्हणजे कर्जातून. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पुरा झाला. ९१ बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीजवळ पानवलचा ६४ मीटर उंच पूल. खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास.

या कर्जाने पुढची बरीच गणितं ठरवली. कर्ज फेडायचं तर उत्पन्न हवं, आणि उत्पन्न येतं लांबून लांब जाणाऱ्या गाड्यांतून आणि मालातून. म्हणून १९९९ ला रो-रो आली, ट्रक मालगाडीवर चढले. केरळ, गोवा, दिल्ली, गुजरातच्या गाड्या या मार्गाने धावू लागल्या. त्या धावायलाच हव्यात, मार्गाचा खर्च त्यांनीच उचलला. पण ज्यांच्या शेतातून, काजूच्या बागेतून रूळ गेले त्यांच्या स्टेशनात त्यांतल्या बहुतेक गाड्या थांबत नाहीत. जमीन आमची, धूर आमचा आणि थांबा दुसऱ्याचा, हे मी आरवलीपासून झारापपर्यंत ऐकलंय.

एका रुळावरचं आयुष्य

रोहा ते वीर दुहेरी मार्ग ऑगस्ट २०२१ ला झाला. वीरच्या पुढे दक्षिणेला मार्ग एकेरीच आहे. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावं लागतं. यालाच क्रॉसिंग म्हणतात. दोन स्टेशनांमधलं अंतर जितकं जास्त, तितक्या गाड्या कमी. म्हणून गेल्या काही वर्षांत मधे मधे नवी स्टेशनं झाली: सापे वामने, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे. ती बांधली गाड्यांच्या सोयीसाठी, पण स्टेशन आलं की गावालाही गाडी मिळते. विरळ वस्तीतल्या रेल्वेचा हा गुण महत्त्वाचा आहे. एका कामासाठी केलेला खर्च दुसऱ्या कामाला उपयोगी पडतो.

क्रॉसिंगला थांबायचं कुणी, हे गाडीच्या दर्जावर ठरतं. पॅसेंजर थांबते. वंदे भारत, राजधानी, एक्स्प्रेस पुढे जातात. मग पॅसेंजर रेंगाळते, प्रवासी कंटाळतो, जमेल तो खाजगी बसला वळतो आणि पॅसेंजरच्या उत्पन्नाचा आकडा खाली येतो. त्या आकड्याकडे बोट दाखवून म्हणतात की या गाडीला प्रवासी नाहीत. थांबवून ठेवायचं आपणच आणि मंद म्हणून हिणवायचंही आपणच. विरळ वस्तीच्या गाड्या जगभर अशाच बंद पडत गेल्या.

कोकणात त्यावर पाऊस आहे. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक लागतं, वेग उतरतो, कातळावर पहारा बसतो. २००३ चा वैभववाडीचा आणि २००४ चा करंजाडीजवळचा अपघात आठवणाऱ्याला त्याचं कारण सांगावं लागत नाही. पण याच महिन्यांत गणपती येतात. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी आणि सगळ्यात कमी वेग एकाच वेळी. २०२५ च्या गणपतीत रेल्वेने ३८० विशेष फेऱ्या जाहीर केल्या, आदल्या वर्षी ३५८ होत्या. तरीही आरक्षण खुलं झालं की काही मिनिटांत प्रतीक्षायादी. 'जिथे वस्ती नाही' अशा मुलखासाठी हे!

एप्रिलमधला आठवडा

विरळ वस्तीत गाडी परवडते का, या प्रश्नाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उत्तर १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी दिलं. तोट्यातले हजारो मैल मार्ग आणि दोन हजारांवर स्टेशनं बंद करा, अशी त्यांची शिफारस होती. बरीचशी अमलात आली. आधार होता तो एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याच्या पाहणीचा. त्या आठवड्यात समुद्रकाठची सुट्टीची गावं रिकामी होती, कारण हंगाम उन्हाळ्याचा. त्यातून प्रत्येक स्टेशनाची कमाई त्याच्या खिडकीवर विकलेल्या तिकिटांवर मोजली. सुट्टीला येणारा माणूस मात्र जाता-येतानाचं तिकीट आपल्या शहरातच काढून यायचा. समुद्रकाठच्या स्टेशनाच्या नावावर त्याचा पैसा पडलाच नाही.

शाखा तुटल्यावर तिथल्या माणसांनी मोटार घेतली आणि मुख्य मार्गाकडेही पाठ फिरवली. १९६९ ला बंद झालेल्या स्कॉटलंडमधल्या वेव्हर्ली मार्गाचा एक भाग २०१५ मध्ये पुन्हा बांधावा लागला.

हे वाचताना मला थेट आरवली रोड आठवतं. त्या दिवशी सकाळी नाना-काकूंबरोबर मी तिथे उतरलो तेव्हा फलाटावर माणसं मोजली. गाडीत चढणारे तिघं, उतरणारे एकोणीस. त्या एकोणिसांची तिकिटं दिवा, ठाणे, दादर, करी रोडला काढलेली. मे महिन्यातलं त्यांचं हे येणं आरवलीच्या खिडकीवर कधीच दिसणार नाही. गाव तिकडे, तिकीट इकडे. मग आरवलीच्या खिडकीवरच्या वहीतून आरवलीची गरज कशी कळणार?

शकुंतलेची आठवण

महाराष्ट्राने आणखी एक गाडी अशीच पाहिली आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, अरुंद रुळांची. किलिक निक्सनशी जोडलेल्या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी बांधलेली. वऱ्हाडाने तिला शकुंतला म्हटलं. १९९४ पर्यंत ती वाफेवर चालली, मग डिझेलवर. रूळ कंपनीचे, गाडी भारतीय रेल्वेची, मग रुळांवर पैसा घालायचा कुणी, याचं उत्तर निघेना. रूळ खिळखिळे होत गेले, वेग उतरला, आणि गेल्या दशकात ती थांबली. तिच्या डब्यात बसणारा मजूर आणि डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाणारी बाई यांना पर्याय महागच पडला.

शकुंतला थांबली ती माणसं नव्हती म्हणून नव्हे. तिची जबाबदारी कुणाच्याच नावावर नव्हती, म्हणून ती थांबली. कोकण रेल्वेलाही हाच धोका आहे. दुहेरी मार्गासाठी लागणारा पैसा या कर्जाच्या महामंडळाकडे नाही, म्हणून भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची चर्चा झाली आणि मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. 'कोकण रेल्वे' हे नाव राहावं ही अट घालून. नाव राहावंच. पण त्या नावाखाली धावणारी स्थानिक गाडी कुणाच्या जबाबदारीवर धावणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यायला हवं.

एसटीला जमतं ते

तिकिटावर रेल्वे छापत आली आहे की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम वसूल होते. खरं आहे. प्रवासी गाडीचा तोटा मालगाडी भरून काढते आणि त्यात मुंबईची लोकलही आली. चर्चगेट-विरारचा तोटा आपण शहराची गरज म्हणून सोसतो, मग आरवलीचा तोटा मात्र गावाचं ओझं का ठरतो?

याचं उत्तर महाराष्ट्राकडे तयार आहे, फक्त ते रस्त्यावर आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. ते पैसे राज्य सरकार एसटीला भरून देतं. बस तोट्यात जाते म्हणून आपण गाव तोडत नाही, सवलत किती दिली ते मोजून खजिन्यातून भरतो. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला थांबवली ती आजतागायत. म्हणजे नाना-काकूंना राज्याची बस सवलत देते आणि देशाची गाडी पूर्ण भाडं घेते.

जर्मनीने १९९६ मध्ये स्थानिक गाड्या राज्यांच्या हवाली केल्या. कुठल्या मार्गावर किती गाड्या हव्यात हे राज्य ठरवतं, केंद्राकडून त्यासाठी पैसा मिळतो, आणि चालवणाऱ्याला कराराने तो दिला जातो. 'ही गाडी फायद्यात आहे का?' असं तिथे विचारत नाहीत. 'ही गाडी आम्हाला हवी आहे, किती पडेल?' असं विचारतात. जपानात मात्र होक्काइडोच्या रेल्वे कंपनीने २०१६ मध्ये निम्म्याच्या आसपास मार्ग एकट्याने पेलणं जमणार नाही, असं जाहीर केलं. कंपनीवरच सोडलं की शेवट असाच होतो.

कोकणाचं मागणं फार मोठं नाही. मार्ग विजेवर आहे, २०२२ मध्ये विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झालं. विजेची मेमू, म्हणजे लोकलसारखी वेगळं इंजिन नसलेली गाडी, लवकर वेग घेते, लवकर थांबते, टोकाला इंजिन बदलावं लागत नाही. दर पाच-सात किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला तीच योग्य. चिपळूण–रत्नागिरी–कणकवली–सावंतवाडी अशा टप्प्यांत सकाळ-संध्याकाळ मेमू धावली तर कॉलेजचं पोरगं, जिल्हा रुग्णालयात डायलिसिसला जाणारा माणूस, आंबा-काजूच्या हंगामातली बाई यांना रोजची गाडी मिळेल. गणपतीच्या दहा दिवसांच्या गर्दीवर वर्षभराची गाडी टिकत नाही, रोजच्या माणसावर टिकते. गाडीच्या वेळेला एसटी स्टेशनाबाहेर उभी हवी. कोकणात स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' लागलं की ओळखायचं, गाव अजून लांब आहे. दिव्यापासून आरवलीला पोचायला जेवढं तिकीट लागतं, त्याहून जास्त पैसे आरवलीपासून वाडीवर जायला रिक्षेला मोजावे लागतात. या शेवटच्या तुकड्यावरच प्रवासी हातचा जातो.

आणि दादरची गाडी दादरला परत हवी. लोकलच्या वेळापत्रकात तिला जागा नाही, हा युक्तिवाद मी समजू शकतो, लोकलच्या दारात लटकून मीही वाढलो आहे. दिव्यात आणि डोंबिवलीत राहायला गेलेल्यांना दिवाच सोयीचं पडतं, हेही खरं. पश्चिम उपनगरांतल्या चाकरमान्यांसाठी ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे–मडगाव गाडी सुरू झाली, तीही चांगलीच गोष्ट. पण परळ, लालबाग, डिलाईल रोडवर मागे उरलेत ते बहुतेक म्हातारे. ज्या पिढीच्या मनीऑर्डरवर कोकण जगलं, ती पिढी. हातात बोचकं घेऊन दोन जिने चढायला लावायची ती याच माणसांना का? दिवसातून एक फेरी, तीही कमी गर्दीच्या वेळी, एवढी जागा मुंबईने त्यांच्यासाठी करायलाच हवी.

किल्ली

आरवली रोडहून नानांच्या वाडीवर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. वाडीत नऊ घरं. सहा बंद. जनगणनेचा माणूस येतो तेव्हा या घरांपुढे 'बंद' लिहून पुढे जातो. त्याचं चुकत नाही, त्याला तसंच लिहायचं असतं.

काकूंनी रुमालाची गाठ सोडली. कुलूप पावसाने गंजलं होतं. शेजारच्या घरातून एक बाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "आलाव? मी कालच सारवून ठेवलाय खळा." तेलाचे चार थेंब, दोन झटके, आणि कडी निघाली. आत कोंडलेला वास, भिंतीवर नानांच्या आईवडलांचे फोटो, कोपऱ्यात रिकामी कणगी. नानांनी मिक्सर ओट्यावर ठेवला. काकूंनी आधी चूल पेटवली, मग मिक्सरचं बटण दाबून बघितलं. चालला.

"आता गणपतीला पोरं येतील," नाना खिडक्या उघडता उघडता म्हणाले. "नातवाला आरक्षण मिळालं तर."

संध्याकाळपर्यंत त्या सहांतली आणखी दोन घरं उघडली. एका घराची किल्ली नालासोपाऱ्याहून आली होती, दुसऱ्याची डोंबिवलीहून. परतीच्या गाडीत मी वहीत आरवली रोडच्या नावापुढे उतरलेली एकोणीस माणसं लिहिली, आणि त्यांच्यापुढे त्या दिवशी उघडलेली तीन घरं.